घाटरस्त्याची हद्द कोठे संपते?

महाराष्ट्रातील अलीकडच्या मोठ्या दरडींच्या तारखा एकाखाली एक मांडल्या, तर एक गोष्ट चटकन नजरेत भरते. महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर डोंगर आला तो २५ जुलै २००५ च्या सुमारास. पुणे जिल्ह्यातील माळीण ३० जुलै २०१४ रोजी गाडले गेले. महाड तालुक्यातील तळिये आणि पोलादपूर तालुक्यातील साखर सुतारवाडी व केवनाळे येथील दरडी २२ जुलै २०२१ च्या. खालापूरची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्रीची. चारही वेळा महिना एकच आहे आणि त्या महिन्याचा उत्तरार्धही तोच आहे. महाडमध्ये २००५ साली सुमारे दोनशे माणसे गेली, माळीणमध्ये १५१ आणि तळिये येथे ऐंशीहून अधिक. इर्शाळवाडीत २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे ढिगाऱ्याखालीच राहिली. इतक्या नियमाने येणाऱ्या संकटाला अकल्पित म्हणण्याची सोय आता उरलेली नाही.

या दुर्घटनांत वाड्यावस्त्या गाडल्या गेल्या, म्हणून त्या देशभर कळल्या. त्याच दिवसांत घाटांतील रस्त्यांवर जे कोसळते, त्याची दखल मात्र 'वाहतूक ठप्प' या दोन शब्दांत आटोपते. जेसीबी येतो, माती बाजूला सारली जाते, एकेरी वाहतूक सुरू होते आणि पुढच्या पावसापर्यंत विषय मिटतो. पोलादपूरहून कापडे गावावरून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे चढणारा रस्ता हे याचे ठळक उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश अमदानीत बांधलेला हा घाट त्या काळी मुंबईच्या गव्हर्नराच्या नावाने 'फिट्झगेराल्ड घाट' म्हणून ओळखला जाई. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत तो ठिकठिकाणी खचला आणि अवजड वाहनांना कित्येक महिने बंद राहिला. शेजारच्या वरंध घाटाची स्थिती निराळी नाही. महाड आणि भोर यांना जोडणारा तो रस्ता पावसाळ्यात बंद ठेवण्याचे आदेश गेल्या काही वर्षांत वारंवार निघाले आहेत.

रस्ता बंद होणे ही केवळ गैरसोय असते असे मानले, तर या उदासीनतेचा अर्थ लागू शकेल. परंतु तळिये येथे दुपारी दरड कोसळली तेव्हा महाड शहर पुराच्या पाण्यात होते आणि भोवतालचे रस्ते पाण्याने व दरडींनी अडलेले होते. मोठे बचाव पथक तेथे पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. डोंगराळ मुलखात रस्त्याची दरड आणि गावाची दरड यांचा संबंध असा असतो. एकीने माणसे गाडली जातात आणि दुसरीमुळे त्यांच्यापर्यंत मदत पोहोचत नाही.

पाणी, माती आणि कातळ

सह्याद्रीचा डोंगर वरून एकसंध काळा कातळ दिसला, तरी आतून तो थरांचा बनलेला आहे. लाव्हारसाचे एकावर एक थर साचून हा पर्वत घडला. त्यांतील काही थर टणक आणि उभ्या भेगांचे आहेत, तर काही सच्छिद्र असून झिजून मुरूम झालेले आहेत. दोन थरांच्या मधे अनेक ठिकाणी तांबड्या मातकट खडकाचा पातळ पट्टा असतो. भेगांतून उतरणारे पाणी या पट्ट्यावर आले की अडते आणि आडवे वाहू लागते. ऐन पावसात घाटातल्या कड्यांतून जे पाझर फुटलेले दिसतात, ते पुष्कळदा अशाच पट्ट्यांच्या रेषेवर असतात. या सर्वांवर उतारभर पसरलेली माती आणि दगडगोटे यांची जाड चादर असते. ही चादर उतारावर टिकून राहते ती घर्षणाच्या आणि पायथ्याच्या आधारावर.

जूनच्या पहिल्या पावसाने ही माती भिजते. जुलैच्या मध्यापर्यंत ती पाण्याने तुडुंब झालेली असते. नंतर एखाद्या दिवशी ढग फुटल्यासारखा पाऊस झाला की त्या पाण्याला जिरायला जागा राहत नाही. २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हा आकडा जमिनीच्या मापात बदलून पाहिला, तर एका गुंठ्यावर साधारण साठ टन, म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर पाणी एका दिवसात ओतले गेले. मातीचे वजन वाढते, तिच्या कणांमधील पाण्याचा दाब वाढतो, घर्षण घटते आणि उतार सुटतो. जुलैच्या उत्तरार्धाचे गूढ इतके साधे आहे. आदल्या काही आठवड्यांत किती पाऊस मुरला आणि आज किती पडतो आहे, या दोन आकड्यांवर धोक्याची कल्पना बऱ्याच अंशी येऊ शकते.

रस्त्याचा वाटा

या नैसर्गिक व्यवस्थेत रस्ता शिरतो तो उताराचा पायथा कापून. डोंगराच्या अंगाला आडवी पायरी खोदावी, निघालेली माती दरीच्या बाजूला ढकलावी आणि त्या भरावावर अर्धा रस्ता उभा करावा, ही घाटरस्त्याची सर्वांत स्वस्त पद्धत आहे. यात वरच्या उताराचा आधार जातो आणि खालच्या उतारावर नको ते ओझे येते. सुरुंगाने कातळाच्या भेगा रुंदावतात. ओढ्यांचे नैसर्गिक मार्ग तुटतात आणि त्यांचे पाणी रस्त्याकडेच्या गटारात येते. गटार मातीने भरलेले असले किंवा मोरी दगडांनी बुजलेली असली, की हे पाणी रस्त्यावरून वाहत भरावात शिरते. अशा वेळी रस्ता वरून दरडीखाली जातो किंवा खालून खचतो. आंबेनळीत दोन्ही प्रकार झालेले आहेत.

येथे एक खबरदारी घेतली पाहिजे. प्रत्येक दरडीचे खापर रस्त्यावर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. मनुष्याने हात लावलेला नाही असेही उतार कोसळतात, आणि तळिये वा इर्शाळवाडीच्या दुर्घटना 'रस्ता केला म्हणून झाल्या' असे म्हणता येणार नाही. शिवाय डोंगरातील माणसाला रस्ता नको, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ज्या वाडीत रस्ता नाही, तेथून अडलेली बाळंतीण अजूनही डोलीतून खाली आणावी लागते. तेव्हा रस्ता असावा की नसावा हा वाद व्यर्थ आहे. प्रश्न असा आहे की रस्ता बांधणाऱ्याने ज्या उताराला हात घातला, त्या उताराची जबाबदारी तो घेतो काय? कागदोपत्री रस्त्याची हद्द गटाराच्या पलीकडे थोड्याशा पट्टीत संपते. तिच्या वरचा डोंगर कोठे वनखात्याचा, कोठे खाजगी मालकीचा, कोठे गावठाणाचा असतो. पाण्याला आणि मातीला ही हद्द ठाऊक नसते.

नव्या कामाचे आकर्षण

या प्रश्नाचे मूळ अभियांत्रिकीत कमी आणि हिशेबाच्या चौकटीत अधिक आहे. नियोजनाच्या पहिल्या दशकांपासून सरकारी खर्चाची विभागणी 'योजनांतर्गत' आणि 'योजनेतर' अशी होत आली. नवा रस्ता हा विकास म्हणून पहिल्या खात्यात आणि जुन्या रस्त्याची निगा हा निव्वळ खर्च म्हणून दुसऱ्या खात्यात पडे. काटकसरीची वेळ आली की पहिली कात्री दुसऱ्या खात्याला लागे. केंद्राच्या अर्थसंकल्पातून हा भेद २०१७–१८ मध्ये गेला, पण त्याने रुजवलेली मनोवृत्ती गेली नाही. नव्या रुंदीकरणाचे भूमिपूजन होते. न कोसळलेल्या दरडीचे उद्घाटन करण्याची सोय नसते.

पूर्वी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे रस्त्याच्या ठराविक टप्प्यासाठी नेमलेले मैलकुली असत. पावसाळ्यापूर्वी गटारे उपसणे, मोऱ्या मोकळ्या करणे, कोठे भेग पडली, कोठे नवा पाझर फुटला हे पाहणे, हे त्यांचे काम. त्यांची विद्या पुस्तकी नव्हती, पण आपल्या टप्प्यातला प्रत्येक ओघळ त्यांना परिचयाचा असे. ही पदे रिकामी होत गेली आणि त्यांच्या जागी ठेकेदारी आली. ठेकेदाराला कोसळलेली माती उचलण्याचे पैसे मिळतात, ती कोसळू न देण्याचे मिळत नाहीत. ज्या व्यवस्थेत दुरुस्तीला मोबदला आहे आणि दक्षतेला नाही, तेथे दक्षता कमी होत जाणे हे अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्याला धरूनच आहे.

आपत्तीच्या निधीतही हेच प्रमाण दिसते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीची जी वाटणी केली, तीत ८० टक्के रक्कम आपत्ती आल्यावरच्या मदतीसाठी आणि २० टक्के तिची झळ आधीच कमी करण्यासाठी होती. आधीच्या खर्चाला स्वतंत्र वाटा मिळाला हे निःसंशय पुढचे पाऊल होय. तथापि एकास चार या प्रमाणातून शासनयंत्रणेच्या प्राधान्यक्रमावर प्रकाश पडतो. तळियेनंतर मृतांच्या वारसांना राज्याने प्रत्येकी पाच लाख आणि केंद्राने दोन लाख रुपये जाहीर केले. ती मदत आवश्यकच होती. पण आधीच्या वर्षांत वरच्या उतारांवर पाणी वळवण्याचे चर खणण्यासाठी किती रक्कम खर्च झाली, हा प्रश्न विधिमंडळात तितक्या आवाजात विचारला जात नाही.

खर्च कोणाच्या माथी?

दरड कोसळते तेव्हा खर्च नाहीसा होत नाही. तो सरकारच्या वहीतून निघून दुसऱ्या कोणाच्या तरी माथी जातो. कापडे आणि त्यापुढच्या खोऱ्यातील वस्त्यांचा तालुक्याशी, दवाखान्याशी, महाविद्यालयाशी आणि बाजाराशी संबंध एका रस्त्याने बांधलेला आहे. पलीकडे घाटमाथ्यावरील महाबळेश्वर, वाई आणि साताऱ्याशी कोकणाचा व्यवहारही याच वाटेने होतो. घाट बंद झाला की ट्रकाला कुंभार्ली किंवा ताम्हिणीचा कित्येक पटींनी लांबचा फेरा पडतो आणि त्याचे भाडे अखेर भाजीच्या दरात उतरते. एस.टी. अर्ध्या वाटेवरून परतते. रोजंदारीवर जाणाऱ्याची मजुरी बुडते आणि रुग्णाचे मोलाचे तास जातात. यांपैकी एकही रक्कम बांधकाम खात्याच्या अंदाजपत्रकात येत नाही.

सर्वांत दुर्लक्षित नुकसान शेतीचे आहे. रस्त्यावरची माती दरीत ढकलली की ती ओढ्यात उतरते आणि पुढच्या पुरात खालच्या भातखाचरांवर पसरते. जुलै हा लावणीचा महिना. खाचर म्हणजे उतारावर बांध घालून, माती अडवून, दोन-तीन पिढ्यांच्या श्रमाने तयार झालेले भांडवल. दरडीने वा पुराने जमीनच नष्ट झाली, तर केंद्राच्या २०२२ च्या निकषांप्रमाणे अल्प व अत्यल्प भूधारकाला हेक्टरी ४७,००० रुपये मिळतात. वीस गुंठ्यांच्या खाचराला ही रक्कम सुमारे साडेनऊ हजार रुपये होते. एवढ्या पैशात बांध पुन्हा रचता येईल, पण त्यावरची सुपीक माती विकत आणता येणार नाही. साहजिकच घरातला आणखी एक तरुण मुंबईची वाट धरतो. महाड–पोलादपूरच्या खेड्यांत आधीच वृद्ध आणि स्त्रिया मागे राहिल्या आहेत. माणसे गेली की उतारावरचे बांध आणि चर यांची निगा घेणारे हातही जातात आणि पाण्याला डोंगरात मुरण्यास आणखी वाव मिळतो.

अशा रस्त्यांवर खर्च का होत नाही, याचे उत्तर बहुधा वाहनांच्या संख्येत शोधले जाते. मुंबई–गोवा महामार्गावरील कशेडी घाटाला सुमारे दोन किलोमीटरच्या जोडबोगद्यांचा पर्याय मिळाला, कारण तेथील वाहतूक प्रचंड आहे. वाहने मोजून लाभ ठरवण्याच्या पद्धतीत आंबेनळी किंवा वरंध मागे पडणार आणि खोऱ्यातली एखादी शाखा तर हिशेबातच येणार नाही. पण वाहनांची मोजणी ही अवलंबनाची मोजणी नव्हे. ज्या गावाला दुसरा रस्ता नाही, त्याला तो एकच रस्ता किती मोलाचा आहे, हे दिवसाकाठी किती गाड्या गेल्या यावरून कसे कळणार?

रेल्वेचा धडा

याच मुलखात या प्रश्नाचे एक बरे उत्तर सापडते. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्णपणे सुरू झाली ती खोल कापण्यांतून आणि बोगद्यांतून. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडमातीवर गाडी आदळून पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढच्याच वर्षी १६ जूनला महाड तालुक्यातील करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला रुळांवर आलेल्या दगडांमुळेच अपघात झाला. या दोन आघातांनंतर रेल्वेने कापण्यांचे उतार सौम्य केले, त्यांवर पायऱ्या घेतल्या, दगड अडवणाऱ्या लोखंडी जाळ्या बसवल्या, पर्जन्यमापके लावली आणि पावसाळी गस्त वाढवली. पावसाळ्यासाठी वेगळे वेळापत्रक केले आणि मुसळधार पावसात दिसेनासे झाले की गाडी मंद गतीने हाकण्याचा दंडक घातला. अडथळे अजूनही येतात, गाड्या रखडतात. परंतु त्या दोन अपघातांसारखी प्राणहानी दरडींमुळे त्या मार्गावर पुन्हा झालेली नाही.

दगड तेच, पाऊस तोच आणि डोंगरही तोच असताना रेल्वेला जे साधले ते रस्त्याला का साधू नये? याचे कारण मालकीत आहे. रुळांवर दगड आला की गाडी, उत्पन्न, नुकसानभरपाई आणि अब्रू यांचा जमाखर्च एकाच संस्थेच्या वहीत पडतो, म्हणून उताराची काळजी घेणे तिला परवडते. घाटरस्त्यावर दगड आला तर नुकसान प्रवाशाचे, शेतकऱ्याचे आणि ट्रकवाल्याचे होते, आणि खात्याला मात्र नव्या कामाची निविदा काढावी लागते.

हाँगकाँगने हाच प्रश्न शहराच्या पातळीवर हाताळला. १८ जून १९७२ रोजी तेथे एकाच दिवशी दोन दरडींत १३८ माणसे गेली आणि १९७६ मध्ये पुन्हा तशीच दुर्घटना झाली. त्यानंतर १९७७ साली उतारांसाठी स्वतंत्र तांत्रिक कार्यालय स्थापन झाले. तेथे आज सुमारे साठ हजार मानवनिर्मित उतारांची नोंद आहे. प्रत्येक नोंदलेल्या उताराला क्रमांक आहे आणि त्याच्या देखभालीची जबाबदारी कोणाची, हे ठरलेले आहे. हाँगकाँगची श्रीमंती पोलादपूरकडे नाही हे खरे, पण उताराला क्रमांक देण्यासाठी श्रीमंती लागत नाही.

काय करता येईल

पहिली गरज अशा नोंदवहीची आहे. पोलादपूर–कापडे–आंबेनळी आणि महाड–वरंध या दोन मार्गांपासून सुरुवात करावी. प्रत्येक कापणी, भराव, मोरी आणि संरक्षक भिंत यांना क्रमांक द्यावा, आणि वरचा उतार वनखात्याचा असो वा खाजगी, त्याच्या पाहणीचा व पाणी वळवण्याचा अधिकार आणि कर्तव्य रस्ता सांभाळणाऱ्या खात्याकडे सोपवावे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने दरडप्रवण भागांचे नकाशे तयार केले आहेत, आणि रायगड जिल्ह्यातील शंभराहून अधिक गावे धोक्याची म्हणून प्रशासनाच्या यादीत आहेत. यादीतून नकाशा आणि नकाशातून प्रत्यक्ष उतार गाठणे, हे काम राहिले आहे.

दुसरे, स्थानिक माणसांची पावसाळी पथके. मैलकुलीचे नाव बदलावे, पण काम परत आणावे. खोऱ्यातीलच तरुणांना मे ते ऑक्टोबर नेमून गटारे, मोऱ्या आणि माथ्यावरचे चर यांची निगा त्यांच्याकडे द्यावी. भिंतीत पाणी बाहेर पडण्यासाठी ठेवलेली भोके मोकळी आहेत की बुजली आहेत, हे पाहण्यास मोठी यंत्रे लागत नाहीत. एका बुजलेल्या मोरीपायी वाहून गेलेल्या रस्त्याच्या तुलनेत या मजुरीचा खर्च नगण्य ठरेल.

तिसरे, पावसाच्या मापावर चालणारा नियम. दरडींच्या पूर्वसूचनेसाठी कोलकात्यात जुलै २०२४ मध्ये राष्ट्रीय केंद्र सुरू झाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. त्याची सूचना या खोऱ्यांपर्यंत रोज पोहोचली पाहिजे आणि तिला येथील पर्जन्यमापकांची जोड हवी. घाट केव्हा बंद करायचा, हे दरड पडल्यावर न ठरता आधीच ठरलेल्या आकड्यावरून ठरावे. त्याचबरोबर वरच्या वाड्यांना धान्य, औषधे आणि बाळंतपणाची सोय जुलैपूर्वी पोहोचलेली असावी, म्हणजे बंदीची शिक्षा त्यांना भोगावी लागणार नाही.

चौथे, अंदाजपत्रकाची शिस्त. घाटातील कोणत्याही नव्या कामाच्या मूळ खर्चातच उताराची बांधणी, निघालेल्या मातीची योग्य जागी विल्हेवाट आणि पुढील काही वर्षांची निगा धरली पाहिजे. दरीत माती ढकलणाऱ्या ठेकेदाराचे देयक अडवले गेले पाहिजे. असे केल्यास रस्त्याचा दर किलोमीटरचा खर्च वाढेल, अशी तक्रार होईल. वस्तुतः तो आजही तितकाच आहे. फरक इतकाच की त्यातील मोठा भाग आज खाचराचा मालक, अडकलेला रुग्ण आणि दरडीखाली सापडलेला प्रवासी भरतो. तो भाग सरकारी वहीत आला, म्हणजे कोठे रस्ता रुंद करणे शहाणपणाचे आणि कोठे आहे तोच नीट राखणे शहाणपणाचे, हे वहीच सांगू लागेल.

सावित्रीच्या खोऱ्यात पाऊस कमी होणार नाही आणि सह्याद्रीचे उतारही सपाट होणार नाहीत. उलट थोड्या तासांत अतोनात पाऊस पडण्याचे प्रसंग वाढत असल्याचे हवामानाचे अभ्यासक सांगत आहेत. दरवर्षी जुलैचा उत्तरार्ध येणारच आहे, आणि त्याआधी एप्रिल व मे हे कोरडे महिनेही येतात. गटारे, मोऱ्या आणि चर यांची कामे त्या दोन महिन्यांत होऊ शकतात. ती न करता पावसाला दोष देण्याचा अधिकार रस्ता बांधणाऱ्या शासनाला राहत नाही.